जाण्यापुरता कागद

बातमी आली तेव्हा यू देशान ओट्यावर कणीक आपटत होता. कोरियातल्या इंचनच्या चिनी वस्तीतल्या त्याच्या खानावळीत दुपारी इतका गलका असतो की कोपऱ्यातला टीव्ही नुसता बघण्यापुरता उरतो. पण त्या दिवशी एकेक टेबल गप्प होत गेलं आणि शेवटी कणकेचा धपाधप आवाज तेवढा राहिला. सगळे एकदम गप्प का झाले ते कळेना म्हणून देशानने हात थांबवला, आणि मग त्यालाही ऐकू आलं.

सोलच्या सरकारने बीजिंगशी हात मिळवायचं ठरवलं होतं. बीजिंग आणि तैपेई, दोघंही स्वतःला खरा चीन म्हणवणारे, म्हणून बीजिंगची अट सरळ होती. आमच्याशी सोयरीक हवी तर तैपेईशी काडीमोड घ्या. तेव्हा तैपेईच्या वकिलातीने तीन दिवसांत गाशा गुंडाळायचा आणि सोलमधल्या म्यंगदोंगची ती इमारत, आवार, आवारातली झाडं, सगळं बीजिंगच्या माणसांच्या हवाली करायचं.

"वेनछीचा पासपोर्ट तिथेच आहे," देशानची सून शिऊफन म्हणाली. तिच्या हातात कच्च्या कांद्याच्या बशा होत्या, त्या तिने भलत्याच टेबलावर ठेवून दिल्या.

यू कुटुंबाचा कारभार पहिल्यापासूनच तिरपागडा. देशानचा बाप शांदोंगहून गलबतात बसून समुद्र ओलांडून आला. ते शांदोंग आता बीजिंगचं. देशान, त्याचा मुलगा चाओफा आणि नात वेनछी, तिघंही जन्मले इंचनमध्ये, पण कोरियाच्या लेखी ते परदेशी. आणि पासपोर्ट होता तैपेईचा, आणि तैपेई ज्या बेटावर आहे ते बेट घरातल्या एकानेही कधी पाहिलेलं नव्हतं. हा सगळा गुंता बांधून ठेवला होता तो म्यंगदोंगच्या वकिलातीने. लग्न ठरलं, मूल झालं, म्हातारं माणूस गेलं, की तिथे जाऊन सांगून यायचं. दहा ऑक्टोबरला, तैपेईवाल्यांच्या राष्ट्रदिनी, तिथे पोरांना कागदी झेंडे आणि गोड बन मिळायचे. बाकीच्या जगाला वकिलात म्हणजे व्हिसाची खिडकी वाटते. या लोकांचा तो देशच होता, एका कुंपणाएवढा.

वेनछी औषधशास्त्र शिकायला तैपेईला निघाली होती. पुढच्या आठवड्यातलं विमान. तिचा पासपोर्ट शिक्क्यासाठी वकिलातीत दिलेला होता, कारण पासपोर्ट तैपेईचा असला तरी तैपेईत शिरायला या लोकांना पुन्हा वेगळी परवानगी लागते. हे ऐकून शेजारचे कोरियन हसायचे. वेनछीही हसायची. त्या दुपारी कुणी हसलं नाही.

देशानने शेवया ओढल्या, उकळत्या पाण्यात सोडल्या, वर काढल्या. हात आपलं काम करत होते. मनातली भीती मात्र त्याच्या जुन्या ओळखीची होती.

झेंडा बदलला की काय होतं ते देशानने बघितलं होतं. उत्तर-दक्षिण लढाईच्या वर्षी इंचनमध्ये झेंडा इतक्या वेळा बदलला की आज कुठला आहे ते बघायला लोक पहाटे दाराच्या फटीतून डोकवायचे. उत्तरेचे सैनिक आले तेव्हा त्यांनी चिनी वस्तीत घरोघर विचारलं, तुम्ही कुठले चिनी, इकडचे की तिकडचे? देशानचा थोरला भाऊ देलिन. त्याच्या भिंतीवर चिनी संघाच्या मेळाव्याचा फोटो होता आणि फोटोत मागे तैपेईवाल्यांचा झेंडा. त्याला मिठागरांकडे घेऊन गेले, तो परत आला नाही. महिन्या-दोन महिन्यांत दुसरं सैन्य आलं. त्यांनी विचारलं, आधीच्यांना शेवया कुणी करून घातल्या? त्यात देशानचा सासरा गेला. दोन्ही वेळा देशान वाचला, कारण दोन्ही वेळा त्याच्या घरात कागदाचा कपटासुद्धा सापडला नाही. त्याने सगळं आधीच चुलीत घातलेलं होतं.

तेव्हापासून त्याने मनाशी एक गाठ मारून ठेवली. झेंडा बदलायच्या आधी घर साफ करायचं. पुढे खानावळ चालली, मुलगा मोठा झाला, बायको गेली, सून आली, आणि ती गाठ कधी सोडायची वेळ आली नाही. पण साधा मीटर बघणारा माणूस दारात आला तरी देशानच्या तोंडचं पाणी पळायचं. घरचे म्हणायचे, बाबा भित्रे आहेत. वस्तीतले म्हणायचे, देशान शहाणा आहे. दोघंही बरोबर असावेत.

दुसऱ्या दिवशी शिऊफन पहिल्या गाडीने सोलला गेली. शिऊफनने एखादी गोष्ट मनावर घेतली की तिच्या आड कुणी येत नाही. वकिलातीसमोरच्या त्या गर्दीत तिने कोपरं चालवली, एका बाईशी कडकडून भांडली, मग उन्हाने त्याच बाईला घेरी आली तेव्हा तिला पाणी पाजलं, आणि दिवस मावळता मावळता नव्या शिक्क्यासकट पासपोर्ट हातात पडला तेव्हा त्या बाईच्याच गळ्यात पडून रडली. घरी आल्यावर तिने पाय गरम पाण्यात सोडले आणि वेनछीकडून पासपोर्ट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून घेतला. घरातले बाकीचे पासपोर्टही त्यातच असत. डबा पिठाच्या पिंपावरच्या फळीवर.

जेवताना तिने तिकडची हकीकत सांगितली. ट्रक उभे आहेत, खुर्च्या बाहेर काढल्यात, साहेबलोकांचे डोळे सुजलेत. "आणि म्हणतात, कपाटं तशीच राहणार," ती म्हणाली. "तीन दिवसांत काय काय नेतील? आपली सगळ्यांची नावं त्यात. नवे येतील ते बसून वाचत राहतील." एवढं बोलून तिने कोबीचं भांडं पुढे ओढलं.

"वाचू देत की. आपण शेवया विकतो एवढं कळेल त्यांना," चाओफा म्हणाला.

देशानने हातातल्या काड्या खाली ठेवल्या. त्याला दुसरं काही ऐकूच आलं नाही. नावं. कपाटात. वाचत राहतील.

सकाळी कुंग आला. कुंग म्हणजे वस्तीतला जुना न्हावी, देशानच्याच वयाचा, वरच्या दातांशिवाय हसणारा आणि सदा हसणारा. लढाईच्या वर्षी तो दूर बुसानला होता, तेव्हा त्याच्या वाट्याला मिठागरं आली नव्हती. त्याने चहा मागितला, भिंतीकडे बोट केलं. तिथे वस्तीच्या संघाचा मोठा फोटो होता, चाओफाच्या लग्नाच्या वर्षीचा. मागे झेंडा होताच.

"देशान, तो उतरव बाबा. नाहीतर ते येऊन तुलाच उतरवतील," कुंग म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर मांडीवर थाप मारून हसला.

देशानही हसला. हसताना त्याची नजर झेंड्यावरच होती, ते कुंगला दिसायचं काही कारण नव्हतं.

दुपारी एक अनोळखी कोरियन माणूस आला. पांढरा शर्ट, अर्ध्या बाह्या. त्याने काळ्या सॉसमधल्या शेवया मागवल्या, अर्ध्या खाल्ल्या, आणि मग विचारत सुटला. घरात माणसं किती, पासपोर्ट कुठला, आता पुढे काय करणार, बीजिंगचा घेणार का? चाओफाला बोलायला माणूस मिळाला की झालं. त्याने सगळं सांगितलं. मुलगी तैपेईला शिकायला चालली आहे, हेही सांगितलं, अभिमानाने. पांढऱ्या शर्टाने टिपून घेतलं, पैसे ठेवले, वाकून नमस्कार करून गेला.

"वर्तमानपत्राचा होता, बाबा," चाओफाने सांगितलं.

"त्याने सांगितलं तसं?"

"मग काय कपाळावर लिहिलेलं असतं?"

देशानने अर्धी उरलेली ताटली उचलली. तेव्हाही माणसं अशीच यायची, चांगली बोलायची, काहीतरी सांगायची. जेवण अर्धं टाकून जाणारा माणूस जेवायला आलेला नसतो. देशानचं धाबं दणाणलं. वकिलातीतली कपाटं अजून उघडलीही नव्हती आणि त्याच्या नातीचं नाव कुणाच्यातरी खिशात जाऊन पोचलं होतं.

जेवणाची गर्दी ओसरली. चाओफा मांस आणायला बाजारात गेला. शिऊफन वेनछीला घेऊन बॅग बघायला गेली. देशानने पुढच्या दाराला आतून कडी घातली.

त्याने घाई केली नाही. आधी भिंतीवरचा फोटो उतरवला, चौकट काढली. मग वरच्या कपाटातले कागदी झेंडे, संघाचा बिल्ला बांधलेली फीत, बिल्ला तेवढा नंतर गटारात टाकायला बाजूला. मग वेनछीच्या शाळेचे फोटो. चिनी शाळेत दरवर्षी सगळ्या वर्गाला पटांगणात उभं करून फोटो काढतात आणि मागे झेंडा असतोच, त्यामुळे एकही फोटो ठेवण्यासारखा निघाला नाही. पुढचा दात पडलेली वेनछी गेली, दोन वेण्यांची गेली, चष्मा लागलेली गेली. रश्शाच्या मोठ्या पातेल्याखाली ज्योत मोठी होती. देशानने पातेलं बाजूला सरकवलं आणि चिमट्याने एकेक कागद धरला. हातांना सगळं आठवत होतं.

शेवटी त्याने फळीवरचा डबा काढला.

आधी स्वतःचा. त्याचं कव्हर वाकडं झालं आणि घाणेरडा वास सुटला. मग बायकोचा जुना, तिच्यामागे ठेवून दिलेला. चाओफाचा, शिऊफनचा. वेनछीचा हातात आला तेव्हा तो थांबला. फोटोत तिचे कान दिसत होते, नियमच तसा, आणि त्यावरून ती घरी येऊन फणफणली होती. शिक्का अजून ताजा, निळा. पहिल्यांदा हाच मागतील, देशानच्या मनात आलं. तैपेईला चाललेली, नव्या शिक्क्याची, नाव आधीच टिपलेलं. तिचं जाणं राहील हे त्याला कळत नव्हतं असं नाही. राहिलं तर पुढच्या वर्षी जाईल. मिठागरांकडे नेलेला माणूस पुढच्या वर्षी कुठेही जात नाही. त्याला कुणाचा राग आलेला नव्हता, त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. त्याला ती पोरगी जिवंत हवी होती, बस.

पान न् पान काळं होईपर्यंत त्याने चिमट्याने दाबून धरलं. मग शेगडी पुसली, खिडकी उघडली, राख पाण्यात कालवून ओतून दिली. बातमी आल्यापासून पहिल्यांदा त्याला भूक लागली. सकाळच्या, गार झालेल्या, मोमोसारख्या पुरचुंड्यांची ताटली होती, त्यातल्या चार-दोन त्याने उभ्यानेच खाल्ल्या आणि संध्याकाळच्या कणकेला लागला.

दोघी परत आल्या त्या लाल बॅग घेऊन. वेनछीला त्या बॅगेचा आतला चोरखिसा फार आवडला होता. पासपोर्ट त्यात मावतो का ते बघायला तिने डबा काढला, आणि तो हलका लागला तशी ती थबकली.

"आजोबा, डबा रिकामा आहे."

"हो."

"कुठे ठेवलेत सगळे?"

"आता कुठेच नाहीत," देशान म्हणाला, आणि तो हे जवळजवळ आनंदाने म्हणाला. "आता कुणीही येऊ दे."

शिऊफनने एकदा भिंतीकडे पाहिलं, जिथे फोटोच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. मग उघड्या खिडकीकडे, मग शेगडीकडे. तिला सगळ्यांआधी कळलं. ती पिठाच्या पिंपावर बसली ती बसलीच.

चाओफा आला आणि त्याने आकाशपाताळ एक केलं. मुलाने बापाला बोलू नये ते तो बोलला, आणि ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा बोलला. नव्या बॅगेला लाथ मारली. देशान खाली मान घालून ऐकत होता आणि मधूनमधून खिडकीकडे बघत होता. शेजारी ऐकतील याचीच त्याला जास्त काळजी होती.

वेनछी रडली नाही. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोण येणार आहे, आजोबा?"

"ते."

"ते म्हणजे कोण?"

देशानने सांगायला तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांसमोर आले ते लढाईतले सैनिक, त्यांच्या त्या कापडी टोप्या, त्यांचे चिखलाने भरलेले बूट. ते सगळे केव्हाच मरून गेले असतील. नवे कसे दिसतात, कुठल्या कपड्यांत येतात, कुठून येतात, यातलं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आणि तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की कदाचित कुणीच येणार नसेल. ही भीती आधीच्या सगळ्या भीतींपेक्षा वाईट होती. त्याने ओट्याची कड धरली.

"उद्या शेवटचा दिवस आहे," शिऊफन पिंपावरूनच म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. "तुम्हीही चला आमच्याबरोबर."

म्यंगदोंगला देशान कित्येक वर्षांनी गेला. वकिलातीच्या आवारात आणि बाहेरच्या रस्त्यावर माणूसच माणूस होता. म्हातारे, बाळंतिणी, शाळेच्या गणवेशातली पोरं. सगळे उघड उघड रडत होते. हातात कागदी झेंडे होते, तेच, जे देशानने आदल्या दिवशी चिमट्याने धरले होते. भिंतींवर चढून लोक फोटो काढत होते. देशानने टोपी डोळ्यांवर ओढली. इतकी माणसं, भर उन्हात, हातात झेंडे घेऊन, आणि कुणी कुणाला धरून नेत नव्हतं.

इमारतीच्या मागच्या बाजूला एका पिंपातून धूर निघत होता. दोन कारकून त्यात गठ्ठेच्या गठ्ठे टाकत होते.

"बघ, तेही जाळतायत," देशान नातीला म्हणाला. त्याला फार बरं वाटलं.

"आपली नावं जाळतायत ते, आजोबा," वेनछी म्हणाली. "नव्यांच्या हाती पडू नयेत म्हणून."

देशान धुराकडे बघत राहिला. म्हणजे कपाटं तशीच राहणार नव्हती. कुणी बसून वाचणार नव्हतं. ज्यांचं ते काम होतं ते तेच काम करत होते, आणि त्याने घरी केलेलं सगळं फुकट होतं. नुसतं फुकट गेलं असतं तरी चाललं असतं, पण त्यात नातीचा पासपोर्टही गेला होता.

खिडकीशी पोचायला दुपार झाली. खिडकीमागे थांग नावाचा मधल्या वयाचा कारकून होता. शर्टाची कॉलर मळलेली, आवाज बसलेला. चाओफाने घरून ठरवून आणलं होतं तसं सांगितलं. मुलीचा पासपोर्ट हरवला, विमान पुढच्या आठवड्यात आहे, काहीतरी करा.

थांगने पेन खाली ठेवलं. "हरवलेला म्हणजे कुणाच्यातरी हाती पडलेला. त्याच्या बदल्यात मला काही देता येत नाही. चौकशी करावी लागते, आणि चौकशी करायला उद्या मी इथे नसेन." त्याने चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. "नष्ट झाला असेल, जळला, भिजून लगदा झाला, तर गोष्ट वेगळी. पण ज्याने डोळ्यांनी बघितलं त्याने समोर येऊन नावानिशी सांगायला हवं."

चाओफाने मान खाली घातली. शिऊफन खिडकीच्या लाकडाकडे बघत राहिली. वेनछी आपल्या बोटांकडे. तिघांपैकी कुणीही देशानकडे पाहिलं नाही, आणि ते त्याला बरोबर समजलं. त्याला कुणी ढकलणार नव्हतं.

देशानच्या पाचावर धारण बसली. स्वतःचं नाव घ्यायचं, सरकारी माणसासमोर घ्यायचं, डोक्यावर झेंडा फडकत असताना सांगायचं की मी तुमचा पासपोर्ट जाळला. तेही ज्या दिवशी त्या झेंड्याचा असा अपमान होतोय त्या दिवशी, आणि मागे ही सगळी रांग कान देऊन उभी. याहून किती कमी बोललेल्या माणसांना मिठागरांकडे नेलेलं त्याने बघितलं होतं. पळून जावं असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. गुडघे धड असते तर तो गेलाही असता.

"मी... चुलीत..." त्याची ततपप झाली.

"मोठ्याने बोला, आजोबा. ऐकू येत नाही," थांग म्हणाला.

"मी जाळला." आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "यू देशान. इंचनचा. माझ्या नातीचा पासपोर्ट मी जाळला. सगळ्यांचेच जाळले."

मागच्या रांगेतली कागदी झेंडा धरलेली एक बाई म्हणाली, "आत्ता? या दिवसांत? नव्यांच्या स्वागताला का?" कुणीतरी त्याच्या बुटाजवळ थुंकलं. कुणीतरी दुसऱ्याला सांगितलं की हा इंचनचा शेवयावाला, नाव लक्षात ठेव. रांगेत चार माणसं सोडून कुंग उभा होता, तोही आज रडायला आला होता. देशानने वळून त्याच्याकडे पाहिलं. कुंग काहीतरी विनोद करेल आणि सगळे हसतील, एवढीच त्याला आशा होती. कुंगने तोंड फिरवलं आणि रांग सोडून तो लांब जाऊन उभा राहिला.

थांगने देशानचं नाव लिहून घेतलं, त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतला, वेनछीकडे दोन फोटो मागितले; पासपोर्टच्या वेळचे दोन तिच्या पर्समध्ये होतेच. एक चिकटवला, दुसरा परत सरकवला. मग शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिला.

"हा जाण्यापुरता कागद आहे," तो म्हणाला. "तैपेईत उतरली की याचं काम संपलं."

"आणि परत यायला?" शिऊफनने विचारलं.

"परत यायला पासपोर्ट लागतो, आणि त्यावर इथल्या सरकारची परत येण्याची परवानगी. ती घेतली होती ना?"

"घेतली होती. त्याच पासपोर्टात होती."

थांगने शाईच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "पासपोर्ट तिकडे मिळेल नवा, मिळायला हवा. पण त्यावर इथली परवानगी कोण देणार ते मला खरंच माहीत नाही. उद्यापासून कोरियाची वकिलात तिकडे नाही आणि आपली इकडे नाही. वर्षभर बाहेर राहिली तर इथला राहण्याचा हक्कच जातो, ते तुम्हाला माहीत असेलच."

"मग आम्ही जाऊ तिला भेटायला," चाओफा घाईघाईने म्हणाला. "आमचेही करून द्या."

"तुम्ही इथेच राहणार आहात. तुम्हाला थांबावं लागेल," थांग म्हणाला. "किती ते विचारू नका. मला खोटं बोलता येणार नाही." त्याने शिक्का फडक्यात गुंडाळला.

ते भिंतीच्या सावलीत येऊन उभे राहिले. लोक त्यांच्यापासून हातभर लांबून जात होते. वेनछीने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. आईबापांकडे न बघता ती म्हाताऱ्याकडे आली.

"आजोबा, मी जाऊ?"

घरात असं विचारायची पद्धतच होती. लांब जाताना सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारायचं, आणि मोठ्या माणसाने हो म्हणायचं. पण ही पोरगी पद्धत म्हणून विचारत नव्हती. ती घाबरली होती. त्याने 'राहा' म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे देशानला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. राहिली असती, त्याच्या डोळ्यांसमोर, इंचनमध्ये, जिथे ती जन्मली आणि जिथे तिला परदेशी म्हणतात, हातात एकही कागद नसताना आणि जाऊन विचारायला वकिलात नसताना. 'राहा' हा शब्द त्याच्या अगदी जिभेवर आला होता.

"जा," तो म्हणाला. "आणि परत यायची घाई करू नको."

बोलून झाल्यावर हे खरं होईल असं त्याला वाटलं. आपण आता हिला पुन्हा बघणार नाही, आणि हे बीजिंगने केलेलं नाही, सोलने केलेलं नाही, सैनिकांनी केलेलं नाही.

आवारात गाणं सुरू झालं. झेंडा उतरवत होते. बायका गळा काढून रडत होत्या, पुरुष वर बघून गात होते आणि त्यांचा आवाज मध्येच फुटत होता. शिऊफनने चाओफाच्या दंडात डोकं खुपसलं. वेनछी कागद पर्समध्ये नीट ठेवत होती तेव्हा थांगने परत दिलेला दुसरा फोटो तिच्या हाती लागला.

"हा उरला," ती म्हणाली. "काय करू याचं?"

देशानने हात पुढे केला. घरात तिचा एकही फोटो राहिलेला नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्याने तो दोन बोटांत धरून पाहिला. कान दिसत होते. मग त्याने तो शर्टाच्या आतल्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं. अख्खं आवार वर झेंड्याकडे बघत होतं. देशान एकटा खिशावर हात दाबून, आपल्याला हे ठेवताना कुणी पाहिलं का, ते चहूबाजूंनी बघत उभा राहिला.